पाहण्याचा कार्यक्रम, सिरपूर तलाव

“चला हो चला, तिकडं बदकं आहेत म्हणे,” असं म्हणत बेबीमावशींनी सगळ्या सहलीला पुन्हा पुढं हाकललं. सिरपूर तलावाच्या पाळीवर मागं उरले दोघंच: गळ्यात दुर्बीण अडकवलेला अच्युत आणि दत्तोपंतांची सुहासिनी.

दत्तोपंत खूश झाले. हिशेबाच्या खात्यात हयात गेलेली. माणूस दिसला की तो जमेला धरायचा की नावे टाकायचा, हे त्यांचं मन आपोआप ठरवी. अच्युत जमेचा. पक्की नोकरी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. नावे टाकण्यासारखं एकच, पक्ष्यांचं वेड. शिवाय नवं राज्य झाल्यापासून इंदुरातली दफ्तरं एकेक करून भोपाळला चालली होती, त्यात पुढल्या महिन्यात हाही चालला होता. म्हणून घाई.

अडचण सुहासिनीची होती. गेल्या दिवाळीआधी चौथं स्थळ आलं, पोहे खाल्ले, तिला चालायला लावलं, अक्षर बघितलं, ‘कळवतो’ म्हणून गेलं. ते कळवणं अजून यायचं होतं. त्या संध्याकाळी उष्ट्या बशा मोरीत ठेवून ती म्हणाली, “बाबा, आता मी कोणासमोर बसणार नाही. शब्द द्या.” आईवेगळ्या पोरीला दत्तोपंतांनी शब्द दिला. तलावाकाठी उभं राहणं म्हणजे काही बसणं नव्हे, अशी पुढं स्वतःची समजूत काढली आणि रामबागेतल्या मंडळाची पक्षी बघायची सहल ठरवली. बेत फक्त बेबीमावशींना ठाऊक होता. म्हणजे सगळ्यांना.

सुहासिनी मात्र खरोखरच पक्षी बघायला आली होती.

“तो बघा, पानावरून चालतोय. कमळपक्षी,” अच्युत म्हणाला. “नर आहे.”

“कशावरून?”

“पिल्लं त्याच्यापाशी आहेत नं. यांच्यात अंडी नर उबवतो. मादी दुसरीकडं संसार थाटते.”

“अन् तिला कोणी काही म्हणत नाही?”

“पाण्यात कोण म्हणणार!”

तिनं दुर्बीण मागून घेतली. “अरे! पिल्लं कुठं गेली? अभी तर होती!”

“पंखाखाली घेतली त्यानं. नीट पाहा, पाय लोंबताहेत.”

खरंच लोंबत होते. काडीसारखे पाय पंखांतून खाली सुटलेले, आणि तो सगळा पसारा काखेत मारून बाप पानापानावर पाऊल टाकत चाललेला. सुहासिनी खळखळून हसली. पुष्कळ दिवसांनी. दत्तोपंतांनी दुरून ते हसू ऐकलं आणि लगेच जमेला धरलं.

इतक्यात शेजारच्या लक्ष्मीकांतला भूक अनावर झाली. तो तिकडूनच ओरडला, “काय भिया, आली का मुलगी पसंत? मग फराळाचे डबे खोलू का?”

“चूप बसा हो!” बेबीमावशी किंचाळल्या, त्यामुळे उरलासुरला संशयही फिटला.

सुहासिनीनं वडिलांकडं पाहिलं. दत्तोपंत एका म्हशीकडं फार लक्षपूर्वक बघत होते.

“मला खरंच मालूम नव्हतं,” अच्युत कानापर्यंत लाल झाला होता. “मला म्हणाले, पक्षी दाखवायला चला.”

ती रडेल, नाहीतर टांग्यात जाऊन बसेल, असं सगळ्यांना वाटलं. ती सरळ फराळासाठी अंथरलेल्या सतरंजीपाशी आली. “अच्युतराव, इकडं या. असे समोर बसा.”

तो बसला.

“स्वयंपाक येतो?”

“चहा येतो. कधी कधी बिगडतो.”

“गाणं?”

“गाणं नाही. शिट्टी येते. बुलबुलाची.”

लक्ष्मीकांतनं मांडीवर थाप मारली. “वा भिया! वाजवा, वाजवा!”

“जरा चालून दाखवा. त्या बाभळीपर्यंत.”

अच्युत उठला आणि खरोखर चालला. चिखलात चप्पल रुतली, ती हातात घेऊन तसाच परत आला. बायका पदर तोंडाशी धरून हसत होत्या. दत्तोपंतांना तेवढं हसू येईना. हे प्रश्न, ह्याच क्रमानं, त्यांच्याच बैठकीत विचारले गेले होते. आणि दरवेळी शेजारी बसून, “दाखव बेटा, दाखव,” असं म्हणणारे ते स्वतःच होते.

“अक्षर?”

अच्युतनं काटकीनं ओल्या मातीत आपलं नाव लिहिलं. सुहासिनीनं मान तिरपी करून ते वाचलं.

“बरं आहे. आम्ही कळवतो.”

“कधीपर्यंत?” त्यानं विचारलं. कोणी हसलं नाही, कारण त्यानं ते गमतीत विचारलं नव्हतं.

तिनं दुर्बिणीचा पट्टा आपल्या गळ्यात अडकवला. “दुर्बीण राहू द्या माझ्यापाशी. रविवारी घरी येऊन घेऊन जा. पोहे मिळणार नाहीत.”

“चालेल,” तो म्हणाला.

परतताना दत्तोपंतांनी मागल्या टांग्यात आपल्या शेजारची जागा रुमालानं झटकून ठेवली होती. सुहासिनी पुढल्या टांग्यात, मागच्या बाजूला, पाय बाहेर सोडून बसली; म्हणजे सबंध रस्ताभर तिचं तोंड वडिलांकडंच. टांगे धार रस्त्याला लागले. भादव्याचं ऊन उतरत होतं. तिनं शेतांवरून दुर्बीण फिरवली, तारांवरच्या पोपटांवर थोडी थांबवली, आणि मग सरळ त्यांच्यावर आणून धरली.

दत्तोपंतांनी आधी टोपी नीट केली. मग कोटाचं वरचं बटण लावलं. हातांचं काय करावं ते कळेना, तेव्हा ते गुडघ्यांवर ठेवले, आणि रामबाग येईपर्यंत नजर खाली घालून ते तसेच बसून राहिले.