जड पाणी

...औषधाचा चौथा थेंब पडला तरी नळीतलं पाणी निळंच. बोटभर उंचीची काचेची नळी, तिच्यावर घासून पुसट झालेली रेघ. अंगठ्याने बूच दाबून ती हलवायची आणि मागच्या पांढऱ्या भिंतीसमोर धरून एक डोळा मिटून बघायची. पाचव्या थेंबाला निळं गेलं आणि पिवळं आलं, एकदम, मध्ये काहीच नाही. म्हणजे पाण्याचा जडपणा पाच. कालही पाच होता, परवाही पाचच — मागच्या अंगणातलं हे तळं भलतंच सरळमार्गी होतं. वाकडी चालत होती ती स्वतः. आता फोन येईल आणि ती आठ सांगेल.

नवरा — कागदावर अजून तोच शब्द होता — शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला होता, त्या दुसरीबरोबर, आणि तिथल्या परसात त्याने नवं तळं खणलं होतं. घर तुला, मासे मला, एवढंच म्हणाला होता तो. केवढ्या मोठ्या मनाचा, असं चार लोक म्हणाले, ताई तर म्हणाली, "मासेच मागतोय ना मेला? दे आणि सूट एकदाची." पण मासे असे उचलून देता येत नाहीत. इथलं पाणी आणि तिथलं पाणी जुळायला हवं, जडपणा आणि त्याच्यामागे चढणारा-उतरणारा पीएच, दोन्ही. नाहीतर सोडल्या सोडल्या मासा आडवा होतो, कल्ले फडफडवत... म्हणून तो रोज सकाळी आकडे विचारायचा आणि तिकडे चमचा चमचा खायचा सोडा घालून आपलं पाणी इथल्यासारखं करत बसायचा. पहिल्या दिवशी तिने खरं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वा, जुळतच आलं की." जुळलं की फोन संपले. तेव्हापासून सहा, मग सात, मग आठ. "पाणी असं काय करतंय गं?" तो काळजीने विचारायचा. मला काय ठाऊक, म्हणायची ती. तो 'गं' तिला दिवसभर पुरायचा.

आज मात्र तो म्हणाला, "आठ ना? जमलं एकदाचं! माझ्याकडेही आठच आहे. उद्या सकाळी येऊन घेऊन जातो, आता थेट सोडता येतील." ती "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

चष्म्याच्या दुकानात दिवसभर तिने लोकांचे डोळे तपासले. अंधारी खोली, समोर उजळलेली अक्षरं, आणि ती भिंगं बदलत विचारत होती — हे बरं की आधीचं? आणि आता? एक आजोबा वैतागले, "अहो बाई, मला सगळं सारखंच दिसतंय, तुम्हीच ठरवा बुवा." ती हसली आणि पुढचं भिंग सरकवलं. उद्या या वेळेला मासे तिकडच्या पाण्यात असतील. सगळ्यात मोठा, पोट पुढे काढून फिरणारा, ज्याला तो 'साहेब' म्हणायचा, तो मासा आधी आडवा होऊन वर येईल, मग बाकीचे. आणि काठावर गुडघे टेकून तो म्हणत राहील, आकडे तर बरोबर होते... मरू देत! त्यालाही कळू दे एकदा! मग तिला स्वतःचीच शिसारी आली, आणि आजोबा म्हणाले, आता तर काहीच दिसत नाही.

संध्याकाळी ती काठावर बसून राहिली. पाण्याकडे बघताना तिला ती दुसरी संध्याकाळ दिसत होती, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या, तिच्या हातात त्याच्याच शर्टाची बाही, आणि तो दारात उभा — मी आता इथे राहणार नाही. आणि वर, "तुला जड जाईल, माहीत आहे मला." झालं. एका वाक्यात सगळं पाणी बदललं... माझ्यासाठी कुणी चमचा चमचा काही घातलं नाही. हा माणूस माशांना सवय व्हावी म्हणून अर्धा चमचा घालतो, थांबतो, मोजतो, पुन्हा घालतो. आणि मी? मी आडवी झाले का, हे वाकून तरी बघितलं का कुणी? माशांचा हेवा वाटतो मला. सांगायची लाज वाटते, पण वाटतो.

तिने फोन लावला.

"पाच आहे."

"काय पाच?"

"जडपणा. पहिल्यापासून पाचच आहे, आठ कधी नव्हताच. उद्या नेऊ नकोस, मरतील."

तिकडे भांड्यांचा आवाज, कुणाचं तरी हसणं, मग दार लोटल्याचा आवाज. "मग आठ का सांगितलंस?"

"तुझा फोन यावा म्हणून."

बोलून गेली खरी. तो चिडेल असं तिला वाटलं. चिडला असता तर बरंच वाटलं असतं. पण तो अगदी समजुतीच्या आवाजात म्हणाला, "ठीक आहे. आता पाणी हळूहळू उतरवावं लागेल मला. आठ-दहा दिवस तरी जातील. रोज सकाळी फोन करतो, तू फक्त खरं सांगत जा."

आठ-दहा दिवस! रोज! आणि खोटं बोलायचीही गरज नाही. एवढ्यासाठीच तर केलं होतं सगळं. आनंद व्हायची ती वाट बघत राहिली... झाला नाही. कानाशी त्याचा श्वास होता, तोच, एके काळी शेजारच्या उशीवरचा. आणि तो सुटकेने सोडलेला होता, मासे वाचले म्हणून. तिच्यासाठी त्यात काहीच नव्हतं, कधीपासूनच नसावं.

"हॅलो? आहेस ना?"

तिला आता तो फोन नको होता, उद्याचा नको होता, परवाचाही नको होता. पण इतक्या वर्षांत 'नको' हा शब्द तिने त्याला कधी म्हटलाच नव्हता, आणि तो कसा म्हणतात तेच तिला सुचेना.