लपणारं माणूस

कुत्र्याला वासावर माग काढायला कधीपासून शिकवावं, असं कुणी विचारलं की मास्तर फटकन सांगायचे, "आठव्या आठवड्यापासून! लहानपणी नाकाला लागलेलं जन्मभर सुटत नाही." ढिगाऱ्याखाली अडकलेली माणसं हुडकणारी कुत्री तयार करण्यात त्यांची हयात गेली होती. प्रशिक्षण केंद्राचे साहेबसुद्धा त्यांना मास्तरच म्हणायचे.

मुंगी पिल्लू म्हणून घरी आली तेव्हा ओंजळीत मावत होती, म्हणून मुंगी. पुढे वासराएवढी झाली तरी नाव काही बदललं नाही.

ती आली आणि बायकोचं दुखणं बळावलं. पिल्लाच्या खेळात लपायचं काम बायकोने आपणहून मागून घेतलं. ती दाराआड नाहीतर धुण्याच्या ढिगात लपायची, मुंगी हुंगत येऊन भुंकायची, आणि ही खिदळत तिला खाऊ द्यायची. खरं तर लपणारं माणूस रोज बदलायचं असतं. नाहीतर कुत्रं माणूस शोधायला शिकत नाही, तेवढं एकच माणूस शोधायला शिकतं. नवशिक्यांचे कान पिळून मास्तर हे सांगायचे. "अहो, उद्या दुसऱ्या कुणाला लपवा हं," बायको म्हणायची, आणि उद्या पुन्हा तीच. दिवसभरात तेवढंच काय ते तिला हसू यायचं. कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण.

मग ती गेली. परीक्षेत मुंगी लपलेल्या माणसांना ओलांडून सरळ पुढे गेली आणि मैदानभर कुणाला तरी शोधत राहिली.

"मास्तर, महिन्याभराने आणखी एकदा बघू," साहेब हळूच म्हणाले. "पुढचं तुम्हाला माहीत आहेच."

माहीत होतंच. नापास कुत्री गोदामाच्या राखणीला जात, साखळीला.

उपायही पाठ होता. नको तो वास काढला की खाऊ नाही, कौतुक नाही, नुसतं दगडासारखं उभं राहायचं. मास्तरांनी कपाटातून बायकोचा न धुतलेला स्वेटर काढून मैदानातल्या एका पिंपात ठेवला. दुसऱ्या पिंपात लेक लपली.

स्वेटर सापडला तशी मुंगी आनंदाने वेडीपिशी झाली. भुंकून भुंकून मास्तरांकडे बघत राहिली. मास्तर तोंड फिरवून उभे राहिले. त्या मुक्या जिवाचं काय चुकलं होतं?

"बाबा, राहू द्या ना," लेक म्हणाली.

"राहू देऊन कसं चालेल? बांधून घालतील तिला."

हळूहळू भुंकणं थांबलं. मग ती नुसती हुंगून उभी राहायची. आणि परीक्षा तोंडावर आली तेव्हा एका सकाळी मुंगी स्वेटरच्या पिंपापाशी थांबलीच नाही. तडक लेकीच्या पिंपाशी जाऊन भुंकली.

कौतुक त्याच क्षणी करायचं असतं. मास्तर स्वेटरच्या पिंपाकडेच बघत राहिले. शेवटी पिंपातून लेकच ओरडली, "शाब्बास, मुंगे!"

बायकोचा माग आजवर लागत होता तो एकट्या मुंगीला, आणि तोही मास्तरांनी स्वतः पुसून टाकला होता. त्यांनी स्वेटर बाहेर काढला, तिथेच मातीत बसून नाकाशी धरला, तोंड खुपसून पुन्हापुन्हा हुंगला. त्यांना कसलाच वास आला नाही.