परक्याची सही

रविवारची प्रार्थना संपली की चर्चच्या तळघरात जेवणं होतात, आणि पोटात इंजेरा, आमची आंबट भाकरी, गेली की आमच्या माणसांची कुणाचंही काहीही ऐकून घ्यायची तयारी असते. हे ओळखून मी वर्षातून एकदा तिथेच फळा मांडते. हायस्कूलमध्ये माझी नोकरीच ती आहे. सिल्व्हर स्प्रिंगमधल्या आमच्या इथिओपियन आईबापांना शाळा समजावून सांगायची. इतकी वर्षं हेच करतेय आणि अजून डोकं ठिकाणावर आहे, याचं मलाच नवल वाटतं.

त्या मे महिन्यातही मी फळ्यावर बावीस लिहिलं. म्हटलं, बावीस क्रेडिट झाली की पोरगं शाळेतून पास होऊन बाहेर पडतं. वर्षभराचा एक विषय सुटला की एक क्रेडिट, सहामाहीचा असला तर अर्धं. लगेच मागून एका बाईंचा हात वर. त्यांच्या थोरल्याची चोवीस झाली होती. वरची दोन धाकटीच्या नावावर करता येतील का, घरातली घरातच राहतील, असं त्यांचं म्हणणं. नाही म्हटल्यावर त्या माझ्यावर रुसल्या. एका गृहस्थांना हेच पटेना की गणिताचं एक क्रेडिट आणि चित्रकलेचंही एकच. असल्या दुकानातून आपण टोमॅटोसुद्धा घेणार नाही, म्हणाले. डी मिळाला तरी विषय सुटतो, असं मी सांगितलं तेव्हा सगळ्या आयांनी कानांवर हात ठेवले, आणि ज्यांच्या पोरांना डी होते त्यांनी सगळ्यात घट्ट ठेवले.

पण दरवर्षीचा खरा प्रश्न वेगळाच असतो. यंदा तो तेफेराने विचारला. तेफेरा विमानतळावर सामान चढवणाऱ्यांचा मुकादम. आवाज असा की विमानालाही ऐकू जावा.

"इतिये, ते ए-बी-सी-डी राहू दे. वर्गात नंबर कितवा, ते कुठे लिहिलंय?"

इतिये म्हणजे ताई. मला सगळेच इतिये म्हणतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा, आणि ते मला मुळीच आवडत नाही. तर नंबर. आमच्या देशात प्रगतिपुस्तकावर नंबर असतो. साठ पोरांत तिसरा आलेला माणूस ते मरेपर्यंत सांगत फिरतो. इथे तसलं काही नाही, असं मी अठराव्यांदा सांगितलं. तेफेरा हिरमुसला, पण क्षणभरच. खिशातून त्याने लेकीचं प्रगतिपुस्तक काढलं आणि उंच धरलं. राकेबचे सगळे ए. खालून वरपर्यंत.

"आणि हे बघा, सगळ्यात खाली," तो म्हणाला. "समाजसेवेचे तास, शून्य. चार वर्षांत एकदाही नाही."

बायकांनी जिभा वळवून आनंदाचा असा घोष केला की वरच्या मजल्यावर प्रार्थनेची भांडी आवरणारे डिकन, म्हणजे पाद्र्यांचे मदतनीस, धावत खाली आले. मी मात्र खडू खाली ठेवला. तेफेराच्या हाताखालच्या एका माणसाला दारू पिऊन गाडी चालवली म्हणून न्यायाधीशाने समाजसेवेचे तास ठोठावले होते. हातात चिमटा घेऊन तो रस्त्याकडेचा कचरा उचलत होता. तेफेराच्या डोक्यात समाजसेवेचे तास म्हणजे ते. लेकीच्या नावापुढचं शून्य तो चार वर्षं चालचलणुकीचं प्रमाणपत्र समजून मिरवत होता.

मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं की ही शिक्षा नाही, अट आहे. बावीस क्रेडिट आणि पंच्याहत्तर तास, दोन्ही लागतात. तास नाहीत तर डिप्लोमा नाही, भले सगळे ए असोत. आणि डिप्लोमा नाही तर बाल्टिमोरच्या नर्सिंग कॉलेजातली राकेबची जागा गेली. कागद द्यायची शेवटची तारीख येता शुक्रवार.

तेफेराने प्रगतिपुस्तकाची घडी घातली आणि ते खिशात ठेवून दिलं. त्याची बायको आत्सेदे मटकन खुर्चीत बसली. पास झाल्याच्या पार्टीसाठी शेजाऱ्यांबरोबर वाटून कापायला अख्खा बैल ठरवून झाला होता, अटलांटाहून नणंद निघाली होती. पण ती त्यातलं काही बोलली नाही.

"माझी पोर सगळं करूनसुद्धा नापास?" एवढंच म्हणाली.

खरं सांगते, मला हसू फुटलं. कारण ही पोर आणि तास नाहीत? राकेबला नियम ठाऊक होता. दर सुट्टीत ती म्हणायची, इतिये, यंदा तास करून टाकते. आणि दर सुट्टी बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांना डॉक्टरांकडे नेण्यात, त्यांची पत्रं वाचण्यात, त्यांच्या वतीने फोनवर विमा कंपनीशी भांडण्यात संपून जायची. ते काम आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मी कोपऱ्यात उभ्या राकेबला म्हटलं, अगं वेडे, तुझे पंच्याहत्तर तास तर पहिल्याच वर्षी झालेत. आता फक्त कुणाची तरी सही हवी. तेफेराने मला उचलायचंच बाकी ठेवलं.

आता आमचे काउन्सेलर, मिस्टर पर्नेल. माणूस देवासारखा, पण नियमाला चिकटला की चिकटला. चर्चमधलं काम धर्माचं म्हणून बाद. घरच्यांसाठी केलेलं काम घरचं म्हणून बाद. मागच्या वर्षी एका बापाने स्वतःच्याच अंगणातलं गवत कापल्याबद्दल पोराला तास लिहून दिले होते. तेव्हापासून सही करणाऱ्याला पर्नेल समोर बसवून विचारतात की या मुलीशी तुमचं नातं काय.

मी म्हटलं, त्यात काय एवढं. मंगळवारी दोघांना घेऊन गेले. एक एमामा झेवदी, आमची साखरेची पेशंट आजी, जिच्या इन्सुलिनसाठी राकेबने अर्ध्या मेरीलँडला फोन लावलेत. दुसरे लेग्गेसे, चपला शिवतात. राकेबने उजळणी करून घेतली म्हणूनच त्यांना इथलं नागरिकत्व मिळालं. दोघंही लग्नाला निघाल्यासारखी नटून आली होती. दुभाषी मीच. म्हणजे आजी काही का बोलेना, इंग्रजीत काय जायचं ते माझ्या हातात होतं.

पर्नेलनी विचारलं, ही तुमची कोण. आजीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला सगळ्या इंग्रजीतले चार-पाच शब्द येतात. त्यातले नेमके दोन तिने छातीवर हात ठेवून, ठासून काढले.

"माय बेबी."

मी टेबलाखालून पाय मारला. तो पर्नेलना लागला. त्यांनी आजीचा कागद हळूच बाजूला ठेवला आणि लेग्गेसेंकडे वळले. लेग्गेसेंना तर राकेबनेच इंग्रजी शिकवलेलं. ते उभे राहिले, नागरिकत्वाच्या मुलाखतीला राहिले होते तसे, आणि एकही चूक न करता म्हणाले की साहेब, ही मुलगी माझ्या कुटुंबातली आहे. वर दाराबाहेर थांबलेल्या राकेबला आपलं व्याकरण ऐकू जावं म्हणून दारापर्यंत आवाज चढवला. पर्नेलनी तोही कागद बाजूला ठेवला.

बाहेर व्हरांड्यात मी दोघांना असं झापलं की शाळेतली पोरं थांबून बघायला लागली. आजी ऐकेना. पोरीला परकी म्हणू का, तेही तिच्या सुखाच्या दारात, तसलं अभद्र माझ्या तोंडून निघणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, अहो, ती तुमच्या पोटची नाहीये. तर म्हणते, कोण कुणाच्या पोटातून आलं ते तू मोजत बस, तुला पगार मिळतो त्याचा.

संध्याकाळपर्यंत ही बातमी बिल्डिंगभर झाली आणि घोटाळा वाढला. ज्याला विचारावं तो छाती पुढे काढून सांगे की मी तर तिचा मामा, मी तिची मावशी. सही सगळे करणार, परकं व्हायला कुणी तयार नाही. जो नातं नाकारेल त्याला उद्या जिन्यात कुणी ओळख दाखवली नसती, हेही खरं.

बुधवारी तेफेराने स्वतःची अक्कल चालवली. आमच्यात आडनाव नसतं. पोराच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, बायको आपल्या बापाचंच नाव चालवते. तर त्याचं म्हणणं, राकेब तेफेरा आणि आत्सेदे बेयेने, कागदावर बघायला गेलं तर या दोघींचा काडीचाही संबंध नाही. आत्सेदेच करेल सही. मी आत्सेदेकडे पाहिलं. मायलेकींना एकाच साच्यातून काढलंय, तेच नाक, तोच उजव्या गालावरचा तीळ. आत्सेदेने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की तो उठून कॉफीच्या बिया भाजायला गेला. घरातलं हे काम त्याने जन्मात केलं नव्हतं, आणि बिया जाळल्या.

राहिले गाशे झेरिहुन. गाशे म्हणजे आदराने काका. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात. आमच्या देशात, डेस्सी शहरात न्यायाधीश होते. बायको गेली, मूलबाळ नाही, आणि तीन वर्षांपासून डोळ्यांनी नीट दिसत नाही. राकेब रोज शाळेतून आली की आधी त्यांच्याकडे जाते, पेपर वाचून दाखवते, डोळ्यांच्या दवाखान्यात नेते, आणि दोघं सरकारवरून कचाकचा भांडतात. बिल्डिंगमध्ये कुणी भेटलं की गाशे सांगणार, आज माझ्या नातीची परीक्षा आहे, आज माझ्या नातीला सर्दी झालीय. म्हणूनच मी त्यांच्याकडे जायचं टाळत होते. पण गुरुवार उजाडला आणि दुसरं दार उरलं नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग न्यायाधीशासारखं विचारलं, नेमकं काय म्हणावं लागेल.

"की ती तुमची कुणी नाही."

त्यांनी चाचपून काठी हातात घेतली. मग म्हणाले, "कायद्याने पाहिलं तर खरंच आहे ते." आणि मला दारापर्यंत सोडायला आले. आमच्या माणसाच्या घरातून कॉफी न घेता मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडले. त्यांना ती विचारायचं सुचलंच नव्हतं.

शुक्रवारी गाशे काळ्या सुटात आले. राकेबने सवयीने त्यांचा हात धरला होता. शाळेच्या पायऱ्यांशी त्यांनी तो सोडवून घेतला. परक्या माणसाचा हात धरून कोर्टात जायचं नसतं, म्हणाले. राकेब हसली, तिला वाटलं गंमत करतायत. मग गाशे स्वतःच काठीने चाचपत पायऱ्या चढले, एक पायरी चुकली, सावरले, आणि मी किंवा राकेब पुढे झालो तर काठी आडवी घातली.

या वेळी राकेबही आत आली. मी दुभाषी म्हणून बसले, पण माझी गरज पडली नाही. गाशेंचं इंग्रजी जुनं, कोर्टातलं. पर्नेलनी विचारलं, ही मुलगी तुमची कोण.

"कुणी नाही," गाशे म्हणाले. "तिसऱ्या मजल्यावर राहणारा मी एक म्हातारा. मला दिसत नाही. ही येते, वाचून दाखवते, दवाखान्यात नेते आणि आपल्या घरी जाते. तिला आईबाप आहेत, चांगले आहेत. माझं तिच्याशी कसलंही नातं नाही."

राकेबचं हसू ओठांवरच थिजलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या घड्याळाकडे. पर्नेलनी विचारलं, किती तास झाले असतील. गाशे म्हणाले, तीन वर्षं, रोज संध्याकाळी, आता तुम्हीच हिशोब करा. पर्नेल म्हणाले, पंच्याहत्तर पुरेत. सहीची जागा मी गाशेंचं बोट धरून दाखवली. सही त्यांनी ऐटीत केली, रेघेच्या बरीच वर.

पर्नेलनी शिक्का उचलला, आणि तेवढ्यात राकेब खाली वाकली. आमच्यात वडीलधाऱ्यांच्या गुडघ्याचा मुका घेतात. आपल्या माणसाच्या, बरं का, वाटेत भेटलेल्या कुणाच्याही नाही. गाशेंना तिचा हात लागला मात्र, त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि दातांतल्या दातांत, आमच्या भाषेत म्हणाले, "ऊठ. अजून मी तुझा कुणी नाही."

शिक्का हवेतच राहिला. पर्नेलनी मला विचारलं, ती खाली काय करतेय.

"पेन पडलं तिचं," मी म्हटलं.

खोलीतलं एकुलतं एक पेन तर पर्नेलच्या खिशाला होतं. त्यांनी एकदा त्या पेनाकडे पाहिलं, मग जमिनीवर बसून हमसाहमशी रडणाऱ्या राकेबकडे, मग पाय आवरून ताठ बसलेल्या गाशेंकडे, ज्यांच्या गालांवरून पाणी थेट टायवर ठिबकत होतं. देवाची मला जेवढी नावं ठाऊक आहेत तेवढी मी सगळी घेतली. पर्नेलनी कागद सरळ केला. मग त्यांनी शिक्का मारला, असा दणकून की टेबलावरच्या पेन्सिली उडाल्या, कागद माझ्या हातात दिला, आणि आम्हा तिघांकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

गाशेंना हे काही दिसलं नव्हतं. आवाज तेवढा ऐकू आला होता. त्यांनी माझ्या दिशेला मान वळवली.

"बसला शिक्का?"

"बसला, गाशे."

तेव्हा कुठे त्यांनी पाय पुढे केला.