सव्वासहाची नोंद

कुलपात किल्ली फिरली. घरात इतकं शांत होतं, की तिला तो आवाज भांडं पडल्यासारखा वाटला. सकाळचे अकरा. फ्लाइंग क्लबचा मेकॅनिक अकराला घरी येत नाही.

तिने झोपलेल्या लेकीचं, चिमीचं, पांघरूण सारखं केलं. ताप उतरला होता. बाहेर नवरा खुर्चीच्या कडेवर बसला होता, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखा.

"चौकशीवाले आलेत," तो म्हणाला.

काल सकाळी क्लबचं छोटं विमान उडालं आणि तीन मिनिटांत इंजिनानं मान टाकली. शिकवणाऱ्या सरांनी ते कसंबसं कापणी झालेल्या शेतात उतरवलं. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. शेजारी बसलेल्या शिकाऊ मुलीचं खरचटण्यावर निभावलं.

"मग? काय म्हणतात?"

"पोरीनंच घाबरून पेट्रोलचा खटका बंद केला, म्हणतात. ती रडून सांगतेय, हात नाही लावला. कोण ऐकतंय! लायसन काही मिळत नाही तिला आता."

"टाकीत पाणी असलं तरी बंद पडतं ना? तुम्हीच सांगता ऊठसूट."

"वहीत सही आहे माझी. टाकीच्या तळातलं पेट्रोल काढून बघितलं, पाणी नाही. वेळ सव्वासहा."

"सव्वासहा?"

"मी तपासलं होतं गं!"

खोटं बोलताना तो कान चोळतो. आत्ता चोळत नव्हता, आणि तिला त्याचंच भय वाटलं. काल सकाळी सव्वासहाला तो याच घरात, चिमीच्या काखेत थर्मामीटर धरून बसला होता.

"कधी तपासलंत?"

तो बुटाची नाडी सोडू लागला.

"अहो, कधी?"

"आदल्या संध्याकाळी. सकाळची सही तेव्हाच ठोकून टाकली. तूच म्हणालीस ना, पोर तापलंय, उद्या लवकर पळू नका."

"आणि रात्रीतून पाणी झालं?"

"अर्धी रिकामी टाकी. गारठ्यात आतून घाम फुटतो तिला. थेंब थेंब तळाशी साचतो. म्हणून तर सकाळीच बघायचं असतं."

"म्हणजे माझ्यामुळे."

"तुझं काय त्यात? सही माझी." त्याने किल्ली मेजावर ठेवली. "सांगितलं तर नोकरी जाईल. पुन्हा कुणी विमानाला हात लावू देणार नाही."

'मग राहू द्या' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. कुणाला कळणार होतं? तिने आतल्या पलंगाकडे पाहिलं. ती शिकाऊ पोरगीही कुणाची तरी मुलगीच.

"शर्ट बदलून जा," ती म्हणाली. "चौकशीवाल्यांपुढे ग्रीसचा नको."

तो उठला, हात धुतले, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. बटणं तिनेच लावली.

दार बंद झालं. ती खिडकीशी उभी राहिली. पांढरा शर्ट कोपऱ्यावर क्षणभर थांबला आणि क्लबच्या रस्त्याला वळला.

मागून घामेजल्या केसांची चिमी येऊन तिच्या पायांना बिलगली.

"आई, बाबा विमान दुरुस्त करायला गेले?"