लिंबं पुसायचं काम

लिंबं पुसणं हे काय काम आहे, असं माझी धाकटी जाऊ म्हणायची. लिंबाचं लोणचं करणाऱ्या आमच्या बचत गटाची ती अध्यक्ष. आम्ही सातजणी सकाळी सहालाच पत्र्याच्या खोलीत जमायचो आणि आदल्या संध्याकाळी धुतलेली लिंबं एकेक करून कोरड्या फडक्याने पुसायचो. लिंबू वरून कोरडं दिसतं, पण देठाच्या खळीत पाणी दडून बसतं. फडक्याच्या टोकाला पीळ देऊन ते त्या खळीत फिरवावं लागतं. नखं पिवळी होतात, बोटांच्या चिरा चुरचुरतात. अध्यक्षबाई उगवायच्या दहाला, चिरणं सुरू झालं की. मोबाइलवर फोटो काढायच्या, तिखट कमी पडलंय म्हणून सांगायच्या आणि निघायच्या.

घरातही लोणचं मीच घालायचे. तिने ते ताटातच पाहिलेलं. तरी मी कधी बोलले नाही, कारण बाजाराच्या गावातल्या मोठ्या दुकानात आमच्या बाटल्या तिनेच लावून दिल्या होत्या. खोटं कशाला सांगू? त्या एका फळीवर सात घरं चालत होती.

त्या फळीवरून आम्हाला खाली ओढलं तेही तिनेच. एका सोमवारी मी आणि गटातली शिंपीणबाई माल घेऊन गेलो, तर दुकानदाराने पिशवीला हातच लावला नाही.

"तुमचा माल बंद. पुढच्या महिन्यापासून तुमच्या अध्यक्षच देणार, स्वतःच्या नावाने."

"आणि आमच्या मालाला काय झालं?" शिंपीणबाईने विचारलं.

"त्याच म्हणाल्या, गटातल्या बायका हातबीत धूत नाहीत म्हणून."

परतीच्या वाटेवर शिंपीणबाईच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "जा आणि झिंज्या उपट तिच्या! तुझीच जाऊ ना?"

"नको," मी म्हणाले. "झिंज्या परत उगवतात."

खरं तर माझं डोकं भणभणत होतं. पंधरा वर्षं जिच्या पोरांना माझ्या हातचं जेवण गेलं, तिने माझेच हात घाण ठरवले. ते मी सोडणार नव्हते. कसं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

चार दिवसांनी मुद्दाम तिच्याकडे गेले. आमचं अंगण एक, चूल अलीकडेच वेगळी झालेली. ओसरीवर तिच्या माहेरच्या दोघी बहिणी लिंबं चिरत बसलेल्या. नुकत्याच धुतलेल्या लिंबांची पाटी माझ्या पायाशी होती, तिच्याखालून पाण्याचा ओघळ आलेला. पुसणं हा प्रकारच त्यांच्या गावी नव्हता. कसा असणार? धाकटी त्याला कामच म्हणत नव्हती, आणि ती आमच्याकडे यायची तोवर आमचं पुसून झालेलं असायचं.

"या जाऊबाई. रागावलात का माझ्यावर?"

"मी कशाला रागावू गं?"

"मग चहा घ्या. आणि सांगा, बरोबर चाललंय ना?"

तिने विचारलं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"चिरणं तर झकास चाललंय," मी म्हणाले. पुढचं वाक्य चहाबरोबर गिळलं, आणि इतका गोड चहा मी आजवर प्यायले नाही.

महिन्याभरात तिच्या दीडशे बाटल्या फळीवर लागल्या. आणखी तीन आठवड्यांनी टेम्पोत बसून परत आल्या. झाकण उघडावं तर वर पांढरी बुरशी. भर दुपारी, सगळ्या गल्लीसमोर, ड्रायव्हरने खोकी तिच्या दारात उतरवली. मी माझ्या दारात उभी राहून शेवटचं खोकं उतरेपर्यंत पाहिलं. दया आली का? नाही आली. जिवाला गार वाटलं.

मग दुकानदार आपल्या पायाने आमच्या खोलीवर आला. शिंपीणबाई म्हणाली, "मालाचं नंतर बोलू. आधी आमचे हात बघा." सातही जणींनी हात पुढे केले. गडी ओशाळला, पण त्याला एकेकीसमोर थांबायला लावलंच. जाताना तो पहिल्यापेक्षा दुप्पट बाटल्या सांगून गेला.

धाकटी आठ दिवस दाराबाहेर पडली नाही. नवव्या दिवशी खोलीत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"मला परत घ्या."

"वाट बघ!" शिंपीणबाई उसळली.

"घेऊ," मी म्हणाले. "पण सहाला यायचं. पुसायला."

ती आली, बरोबर सहाला. मी तिला शेजारी बसवलं, फडक्याला पीळ कसा द्यायचा ते दाखवलं. तिने पहिल्याच लिंबाच्या खळीत टोक फिरवून बाहेर काढलं. फडकं ओलं झालं होतं. ती त्या ओल्या टोकाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"त्या दिवशी तुम्ही माझ्या ओसरीवर बसला होतात."

"होते."

"पाटी तुमच्या पायाशी होती. तुम्हाला दिसलं होतं."

बाकीच्या जणींचे हात थांबले.

"दिसलं होतं," मी म्हणाले, आणि दुसरी पाटी तिच्यापुढे सरकवली. "ही पण संपव. दहाच्या आत."