खुशालरावांचं दुमजली घर

नवं घर जुनं करून दाखवण्यात आचलचा हात धरणारं अमरावतीत दुसरं कोणी नव्हतं. राजापेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ती नोकरीला होती. अजून न बांधलेल्या घरांची चित्रं तिथे कॉम्प्युटरवर तयार होत. त्यांना रेंडर म्हणतात. रेंडरमधलं घर इतकं स्वच्छ असतं की बघताक्षणी खोटं वाटतं. त्यात खरेपणा भरायचं काम आचलचं. गच्चीच्या पन्हळीखाली ती पाण्याचा ओघळ काढी, भिंतीच्या पायथ्याशी काळ्या मातीचे शिंतोडे उडवी, दारात दोन चपला ठेवी, त्यातली एक उलटी. ऊन कुठल्या अंगाने येतं ते पाहून सावल्या पाडी. वरून एप्रिलचा पिवळट धुरळा. मग गिऱ्हाईक विचारी, "हे कुठं बांधलेलं आहे हो?" साहेब हसून म्हणत, "आमची ही पोरगी विटांशिवाय घर बांधते." आचलला ते ऐकून बरं वाटायचं.

तिचं स्वतःचं घर अकोल्यात, अगदी गावाच्या टोकाला. धान्याच्या बाजारात वजनकाट्यावर उभं राहून तिच्या वडिलांनी, खुशालरावांनी, जन्म काढला आणि एक प्लॉट घेतला. प्लॉटच्या मागच्या अंगाला टिनाच्या दोन खोल्या, पुढे सहा वर्षांपासून पडलेला विटांचा ढीग. मोठा भाऊ पियुष ट्रॅक्टरच्या शोरूमला होता. पोरगा सरळ, निर्व्यसनी, पण तेहतिशी आली तरी लग्न जमेना. पोरीवाले बायोडाटा पाहत आणि पहिला सवाल करत, "घर पक्कं हाये काय?" असे चौदा पाहुणे फिरले. पोराकडे कोणी पाहिलंच नाही.

एका रविवारी आचल घरी आली तेव्हा खुशालराव म्हणाले, "बाई, तू साऱ्या लोकाईचे घरं करून देते. आपलं बी एक करून दे न."

तिला वाटलं, बाबांना हौस आली. तिने प्लॉटचा फोटो काढला आणि त्यावर आठ दिवस खपून दुमजली घर उभं केलं. वर गॅलरी, उगवतीला मोठी खिडकी. बाजूच्या तारेवर आईची बदामी साडी वाळत होती, ती तिने काढली नाही, तिथेच राहू दिली. साडीमुळे घर राहतं वाटत होतं. आई, पार्वताबाई, तो फोटो बराच वेळ बघत राहिल्या.

पुढच्या महिन्यात तोच फोटो पियुषच्या बायोडाट्यासोबत सगळीकडे फिरला. खाली ओळ होती, स्वतःचे दुमजली घर. आचलने तो बाबांपुढे धरला.

"बाबा, हे घर हाये कुठं?"

"होईल न. चांदूरबाजारचे नत्थुजी तयार झाले. त्यायची आरती शिवनकाम करते, पोरगी गुनाची हाये. लग्नात जे येईल त्याच्यातून घर उठवू, अन् उरलं त्याच्यात तुह्यं लगन."

आता हुंड्याला हुंडा कोण म्हणतं? तसं म्हटलं की कायदा आडवा येतो. आमच्याकडे त्याला मानपान म्हणतात, पोरीची हौस म्हणतात. खुशालराव नत्थुजींना म्हणाले होते, "आमचं मांगनं काईच नाही. घर तुमी फोटोत पाह्यलं, त्याले शोभंल असं करा." म्हणजे बघा कसं. नसलेल्या घराने मानपान वाढवायचा आणि त्या मानपानातून ते घर बांधायचं. पोरीच्या बापाने आपल्याच पैशाने बांधलेलं घर बघून धन्य व्हायचं.

घर पाहायला येतो म्हणाले तर काय, याचंही उत्तर तयार होतं. "सुनेच्या पावलानं वास्तुशांती करनार. तोवर सोयऱ्यायले उंबरा दाखवाची आमच्यात रीत नाही." नत्थुजींनी उलट कौतुकच केलं, चालीरीती पाळणारी माणसं आहेत म्हणाले. देवाधर्माचं नाव घेतलं की कोण उलटतपासणी करतो?

"दादा, तू तरी बोल," आचल म्हणाली. पियुष चपला घालून बाहेर निघून गेला.

पार्वताबाईंनी तिला चुलीपाशी बसवून सांगितलं, "कुलदीपच्या घरचे थांबून हाये तुह्यासाठी. प्रोफेसर पोरगा रोज रोज भेटत नाही. तुह्यी गाडी पियुषच्या गाडीले बांधली हाये बाई. त्याची अडली तं तुह्यीबी अडली."

कुलदीप आचलला आवडला होता. फोनवर बोलायचा छान, पण देण्याघेण्याचा विषय निघाला की, "ते घरचे पाहतात," म्हणायचा. आचल अमरावतीला परत गेली. बोलावं तर भावाचं मोडतं, आपलंही मोडतं. न बोलावं तर कुठल्याशा आरतीचा बाप नागवला जातो. त्या महिन्यात ऑफिसात तिचा हात चालेना. पाण्याचा ओघळ काढायला घेई आणि पुसून टाकी.

लग्नाची तारीख काढायला अमरावतीला आचलच्या मामाच्या घरी बैठक बसली. बाहेर माणसं, आत बाया. आरती येऊन आचलच्या शेजारी टेकली आणि मोबाइल पुढे केला. त्यावर तोच फोटो होता.

"ताई, हे वरची खिडकी कोनाच्या खोलीची हाये?"

"काहून?"

"मी शिवनाची मशीन तिथं ठेवनार हाये. सावली या अंगाले पडली न, म्हनजे सकाळचं ऊन खिडकीतून येत असंन. सुईत दोरा ओवाले बरं." मग ती हळूच म्हणाली, "बाबानं संत्र्याचा बगीचा इकाले काढला. मी लय भांडली. पन हे घर पाह्यलं अन् मीबी चूप बसली."

ती सावली आचलने पाडली होती. दीड तास लागला होता तिला.

आचल उठली. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि तशीच बाहेरच्या खोलीत गेली. सुपारीचं ताट मधे होतं, ते सरकवून तिने लॅपटॉप ठेवला आणि घराचं चित्र उघडलं.

"नत्थुजी काका, तुमाले घर पाहाचं होतं न? पाहा."

तिने एक बटण दाबलं. दारातल्या चपला गेल्या. मग भिंतीवरचा ओघळ गेला, मातीचे शिंतोडे गेले.

"आचल, बंद कर थे," खुशालराव म्हणाले.

तिने बटण दाबणं थांबवलं नाही. ऊन गेलं, सावली गेली. वरचा मजला गेला, खिडकीसकट. मग खालचा. उरला काळ्या मातीचा प्लॉट, विटांचा ढीग आणि मागे टिनाच्या दोन खोल्या.

दाराशी उभ्या पार्वताबाई लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या, "साडी तं माहीच हाये."

"हाव आई. तेवढीच खरी."

नत्थुजी उठले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. "बगीच्याचा इसार परत करा लागन," एवढंच स्वतःशी म्हणाले आणि टोपी घातली. आरतीने जाता जाता विचारलं, "ताई, अन् तुमचं लगन?"

"माह्या लग्नात आता कोनी कोनाले काई देनार नाही," आचल म्हणाली. "असाच करनारा भेटला तं करीन."

तिसऱ्या दिवशी कुलदीपच्या घरून निरोप आला, सध्या थांबू. कुलदीपचा फोन आला नाही. आचल रडली, खोटं कशाला बोला. खुशालराव आजही तिच्याशी बोलत नाहीत. ती घरी आली की ताटावर बसताना तिच्याकडे पाठ करतात, आणि पार्वताबाई मधल्यामधे झुरतात.

पियुष मात्र एका संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "माह्या बायोडाट्यावर खरा फोटो टाकून दे. तू मले बोल म्हनली, त्या दिवशीच बोलाचं होतं." आचलने टाकला. प्लॉट, विटा, टिनाच्या खोल्या, तारेवरची साडी. खाली लिहिलं, घर बांधायचे आहे. हुंडा घेणार नाही.

याला आज तीन महिने झाले. अजून एकाही घरून फोन आलेला नाही. तो फोटो तुमच्याही मोबाइलवर आला असेल. तुमच्या घरात लग्नाची पोरगी असेल, तर तुम्ही तो पाहून काय केलंत, तेवढं मनाशी आठवून बघा.