माझ्या नावावरचा लूप

भाद्रपद सरत आला की मार्गासनीच्या खाचरांतलं भात पोटरीतून फुलोऱ्यावर येतं. आंबेमोहोराचा तो कोवळा, दुधाळ वास सकाळच्या धुक्याबरोबर दारापर्यंत येतो आणि सारं गाव भाताविषयी असं बोलू लागतं, जणू ती घरची पहिलटकरीण आहे: दमानं चाला, धक्का लावू नका, नजर लागंल. त्या दिवसांत यमुना बांधावरून पदर आवरून, अंग चोरून चाले. आपल्या सावलीनेही कणसं पोचट राहतील असं कुणी तिला सांगितलं नव्हतं. पण काही गोष्टी न सांगताच नीट कळवण्याची कला आपल्या घरांना अवगत असते.

यमुना माझ्या शेजारची सून. मी गावच्या शाळेत मास्तरीण. माझे पती भोरला शिक्षक, दोन मुलं त्यांच्याजवळ. माझी खोली आणि यमुनाच्या घरचा गोठा यांच्यामध्ये कुडाची एक भिंत. पाचव्या महिन्याच्या उंबरठ्यावरून तीन जीव तिच्या पोटातून परत गेले होते. तिसऱ्या वेळी तिला बैलगाडीतून वेल्ह्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तिचा चेहरा पेरणीआधी जाळलेल्या राबाच्या राखेसारखा झाला होता. ती वाचली. सासूने, म्हणजे आत्याबाईंनी, तिथेच पुढचा नवस बोलून टाकला.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मात्र तिला एकटीला गाठून सांगितलं, "दोन वर्षं अंगाला विसावा दे. लगेच पुन्हा राहिलं, तर मी काही करू शकणार नाही."

दिवस राहू नयेत म्हणून आत बसवायचा लूप तेव्हा नवाच आला होता. महिना-दीड महिन्याने, बाजाराच्या दिवशी, यमुना माझ्याबरोबर एस.टी.ने वेल्ह्याला गेली आणि बसवून आली. अडचण एकच झाली. रजिस्टरात नाव लिहायचं होतं आणि लूप बसवलेल्या बायकांचा जाहीर सत्कार व्हायचा होता. यमुनाने नर्सबाईंचा हात धरला. "माजं नाव नगा लिवू. आत्याबाईंच्या कानावर गेलं तर त्याच सांजंला म्या उत्रोलीला, म्हायेरी. कायमची."

नर्सबाईंनी लेखणी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला दोन मुलं होती. माझं नाव कुणाला खटकणार नव्हतं. शिक्षकाचं नाव तसंही जनगणनेपासून देवीच्या लशीपर्यंत सगळीकडे वापरात असतं. मी म्हटलं, लिहा.

सत्कार थाटात झाला. मांडव, पताका, कापडावर रंगवलेला कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, आणि मीच बसवलेलं मुलींचं लेझीम. साहेब तीन तास उशिरा आले आणि उशीर भरून काढावा तसे दीड तास बोलले. मातृत्वाची थोरवी आणि मातृत्वाला आवर ही दोन्ही एकाच श्वासात सांगताना त्यांना कुठेही अडखळल्यासारखं झालं नाही. मग कर्ण्यातून माझं नाव घुमलं. मी व्यासपीठावर गेले, नारळ आणि खण घेतला, आणि जे माझ्या शरीरात नव्हतं त्याबद्दल आदर्श भगिनी ठरले. मला आयुष्यात मिळालेला तेवढा एकच सत्कार.

खाली उतरले तर पुढ्यात आत्याबाई, शेजारी यमुना. "दोन झाली म्हून कुलूप लावलं व्हय बाई? आमच्या यमुनीला द्या की यकांदं उसनं!" भोवतालच्या बायका खळखळून हसल्या. यमुनाही हसली, सर्वांच्या मागून, पाऊस थांबल्यावर पागोळी गळावी तशी.

बातमी माझ्याआधी भोरला पोचली होती. त्या रविवारी पतींनी दारातच विचारलं, "आपल्या घरात एवढं काही झालं, आणि मला खबर नाही?" मी त्यांना खरं सांगितलं. ते बराच वेळ नारळ सोलत बसले.

लूपमुळे यमुनाला रक्त जास्त जाई. गावच्या रीतीप्रमाणे बाजूला बसायचं ते चार दिवस. तिचे सात-आठ होऊ लागले. गोठ्याच्या पडवीत ती गोधडी शिवत बसे. थकलेली दिसे, ओठ पांढुरके. मी चहाबरोबर नर्सबाईंनी दिलेल्या गोळ्या सरकवी. एकदा म्हटलं, त्रास होत असेल तर काढून टाकू. तिने दोरा दाताने तोडला. "न्हाई बाई. ह्ये आठ दीस माजं हायेत. कुनी हात लावत न्हाई, काम सांगत न्हाई, पोटाकडं बगत न्हाई." माघातलं ऊन कुडाच्या फटींतून तिच्या मांडीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं होतं. इतकी एकटी आणि इतकी निवांत बाई मी पुन्हा पाहिली नाही.

दोन वर्षं सरली. नर्सबाईंची बदली झाली. घरात यमुनाच्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी पाहण्याची कुजबुज सुरू झाली. मी तिला म्हटलं, मुदत झाली, आता वेल्ह्याला जाऊ, काढून घे. घर तरी वाचेल.

ती म्हणाली, "तीन गेली. चवथ्याला म्या पुरायची न्हाई, ह्ये मला ठावं हाय. सवत आली तर येऊ द्या. घरात दोगी ऱ्हातील. म्या गेल्यावर तरी तीच यायची व्हती न्हवं?"

वैशाखात सवत आली. तिच्या हळदीच्या गाण्यांत यमुनाचाही आवाज होता. मला तो कुडाच्या भिंतीतून वेगळा ओळखू येत होता, कारण तो एकटाच सुरात होता.

पुढे माझी किकवीला बदली झाली. यमुनाची गाठ पडली नाही. आणि मग एके दिवशी, मार्गासनीचा पत्ता खोडून, दवाखान्याचं छापील कार्ड माझ्या नावे आलं: लूप बसवल्यापासून काही त्रास होतो का, तपासणीस यावे. सरकार काही विसरत नाही, फक्त माणूस चुकतं. पहिलं कार्ड मी फाडलं. पुढच्या वर्षी दुसरं आलं, तेव्हा ते फाडवेना. यमुनाला तो प्रश्न साऱ्या जन्मात दुसऱ्या कुणी विचारला असेल असं वाटत नव्हतं. मी लेखणी घेतली आणि रकान्यात लिहिलं: होतो. खाली सही माझी.

दूर राहिलेल्या माणसाची आठवण म्हणजे बहुधा एवढंच असतं: वर्षं पत्ता शोधत आपल्या दारी येतात, विचारायचं ते विचारतात, आणि ज्याने उत्तर द्यावं ते माणूस आहे की नाही, हेसुद्धा ठाऊक नसताना आपण त्याच्या वतीने हो म्हणत राहतो.